सिंगापूर सहलीचा पहिला दिवस : खोली मिळेपर्यंतचे तास

सोलापूरहून शाळेच्या सहलीने सिंगापूरला जाणाऱ्या पुढच्या तुकडीने एक गोष्ट निघण्याआधीच समजून घ्यावी. माहितीपत्रकात ज्याला ‘पहिला दिवस’ म्हटलेले असते, तो सिंगापुरात सुरू होत नाही. तो आदल्या दिवशी सकाळी सोलापुरातच सुरू होतो आणि मधली रात्र पाठ टेकल्याशिवाय जाते. पालकसभेत आम्हां नववीच्या मुलींना एवढेच सांगण्यात आले होते, की सकाळी विमानातून उतरायचे, ताजेतवाने व्हायचे आणि फिरायला निघायचे. ताजेतवाने नेमके कुठे व्हायचे, हे संयोजकांनी सांगितले नाही, आणि सगळा त्रास तिथूनच झाला.

सोलापूर ते मुंबई हा प्रवास आम्हांला बसने घडवण्यात आला. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणपर्यंत रस्ता उत्तम आहे आणि गाणी म्हणत वेळ बरा जातो. हडपसर आले की मात्र बस मुंगीच्या पावलांनी चालू लागते, आणि पुणे ओलांडून द्रुतगती मार्गाला लागेपर्यंत अर्ध्या मुली मळमळीने हैराण झालेल्या असतात. माझे मत स्पष्ट आहे : बस नको. सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत दुपारी मुंबईत पोहोचते आणि ती दादरला थांबते. तिथे उतरून विमानतळ गाठला, तर रात्रीच्या विमानासाठी भरपूर वेळ हाताशी राहतो. ही गाडी आठवड्यातून एक दिवस नसते, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी वार पाहून घ्यावा.

विमानतळावरील तपासणीत आमच्या गटाचा सर्वांत जास्त वेळ खोबऱ्याने घेतला. आजीने ओटी भरताना दिलेली सुक्या खोबऱ्याची वाटी बॅगेत तशीच ठेवून आलेल्या मैत्रिणी एकीपेक्षा जास्त होत्या. सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण फार असल्यामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून २०२२ पासून ते सामानाच्या मोठ्या बॅगेतही चालत नाही. पॉवर बँकेचे उलटे आहे : ती मोठ्या बॅगेत चालत नाही, जवळच्या पिशवीतच ठेवावी लागते. या दोन वस्तूंमुळे बॅगा पुन्हा उघडाव्या लागल्या आणि रांगेतला आमचा क्रमांक गेला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र अवश्य न्यावी. आमची कोणीही अडवली नाही, आणि विमानातले जेवण मध्यरात्रीनंतर येत असल्यामुळे तोपर्यंत भाकरीनेच तारले.

मुंबई ते सिंगापूर हे उड्डाण साधारण साडेपाच तासांचे आहे, आणि सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. हा हिशेब कागदावर साधा दिसतो, पण मध्यरात्रीच्या आसपास निघालेले विमान तिथल्या सकाळी आठच्या सुमारास उतरते, तेव्हा अंगाच्या हिशेबाने पहाटेचे साडेपाचच वाजलेले असतात. जेवण, दिवे आणि घोषणा वजा केल्या, तर झोपेला तीन तासही उरत नाहीत. चांगी विमानतळावरील पाट्या इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ या चारही अधिकृत भाषांत आहेत. आमच्यात घरी तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुली असूनही तमिळ वाचणारी एकही नव्हती, पण इंग्रजी पाट्या इतक्या जागोजागी आहेत, की चुकण्याची भीती नाही.

इमिग्रेशनच्या रांगेत आम्हांला जे कळले, त्याने सर्वांत जास्त संताप आला. सिंगापुरात प्रवेश करण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. या अर्जासाठी तिथले सरकार एक पैसाही घेत नाही. आमच्या सहल संयोजकांनी मात्र ‘प्रवेशपत्र शुल्क’ म्हणून प्रत्येकीच्या पालकांकडून बाराशे रुपये वेगळे घेतले होते. व्हिसाचे शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे, ते योग्यच आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. पण हे कार्ड विनामूल्य आहे, आणि ज्याला इंटरनेटवर एखादा अर्ज भरता येतो, त्याला ते दहा मिनिटांत भरता येते. संयोजकांनी भरून देण्याच्या श्रमाचे पैसे घेतले असते आणि तसे पावतीवर लिहिले असते, तर तक्रार नव्हती. शुल्क नसताना शुल्क म्हणून पैसे घेणे ही फसवणूक आहे. पालकांनी प्रत्येक रकमेपुढे ती कोणाला जाते, हे लिहून मागावे. अर्ज सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा, कारण तशीच दिसणारी पैसे घेणारी संकेतस्थळेही आहेत.

आता खोलीविषयी. तिकडच्या हॉटेलांत खोली सहसा दुपारी तीनच्या आधी मिळत नाही. रात्रीचे विमान घेतले की संयोजकांचे हॉटेलचे एका रात्रीचे भाडे वाचते, आणि सकाळी आठ ते दुपारी तीन हे सात तास मुलींना बसमधून फिरवून काढले जातात. आमच्या बॅगा बसच्या पोटात गेल्या, त्यांतच दात घासायचे ब्रश आणि धुतलेले कपडे गेले, आणि आम्ही कालच्याच गणवेशात मेरलायनसमोर उभे राहिलो. सिंहाचे मस्तक आणि माशाचे शरीर असलेला हा ८.६ मीटर उंचीचा पुतळा १९७२ साली उभारला गेला आणि २००२ साली सध्याच्या जागी हलवण्यात आला. त्याच्या तोंडातून पडणारे पाणी पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. आम्हांला तिथे जवळजवळ दीड तास उभे करण्यात आले. आपण सोलापूरकर, आपल्याला उन्हाचे काय, असे निघताना सगळेच म्हणत होते. हे साफ खोटे आहे. आपल्याकडे पारा ४२ अंशांवर गेला, तरी हवा कोरडी असते आणि घाम वाळून अंग थंड होते. तिथे पारा ३१-३२ अंशांवरच असतो, पण हवेतल्या ओलाव्यामुळे घाम वाळतच नाही. दोघींना भोवळ आली. बसमध्ये पाण्याची बाटली दोन डॉलरला विकली जात होती. ती घेऊ नये, कारण तिथल्या नळाचे पाणी पिण्यायोग्य असते आणि बाटली कुठेही भरून घेता येते.

पुढच्या तुकडीने म्हणूनच एकतर दुपारी उतरणारे विमान मागावे, नाहीतर निदान चार खोल्या सकाळपासून ताब्यात मिळतील, असे लेखी घ्यावे, म्हणजे आळीपाळीने अंघोळी करता येतील. तेही जमत नसेल, तर सकाळ चांगीवरच घालवावी. विमानतळाला लागून असलेल्या ‘ज्यूल’ या इमारतीत ४० मीटर उंचीवरून पडणारा धबधबा आहे, ती जागा वातानुकूलित आहे आणि तिथे जायला पैसे पडत नाहीत. आमची बस त्याच्या दारावरून गेली. हँडबॅगेत एक सुती कपड्यांचा जोड, ब्रश आणि रुमाल प्रत्येकीने ठेवावाच.

दुपारी लिटल इंडिया या भारतीय वस्तीत सेरंगून रस्त्यावर शाकाहारी जेवण चांगले मिळाले. खोलीची किल्ली साडेचारला हातात आली आणि सहाला पुन्हा खाली बोलावण्यात आले. आमच्या एका बाईंनी मुलींना झोपू द्या, असा आग्रह धरला होता. तरीही सांगते, की संध्याकाळचा ‘गार्डन्स बाय द बे’ या बागेचा कार्यक्रम रद्द करू देऊ नका. तिथे सूर्य वर्षभर सातच्या सुमारास मावळतो आणि पावणेआठला झाडांच्या आकाराच्या पोलादी मनोऱ्यांवर, म्हणजे तिथल्या महावृक्षांवर, दिव्यांचा व संगीताचा खेळ सुरू होतो. तो विनामूल्य आहे. २५ ते ५० मीटर उंचीच्या त्या वृक्षांखाली आम्ही सगळ्या जमिनीवर उताण्या पडून तो पाहिला, एकमेकींचे हात धरून ओरडलो, आणि तेवढा वेळ कोणालाच झोप आठवली नाही. सकाळचे सगळे गाळले तरी चालेल, हे गाळू नये.

सेंटोसा बेट आणि पुढचे दिवस ठरल्याप्रमाणे नीट पार पडले. त्यांविषयी वेगळा सल्ला देण्यासारखे काही नाही. बागेतला दिव्यांचा खेळ मात्र पावणेआठचाच पाहावा. पावणेनऊलाही एक असतो, पण त्यासाठी थांबल्यास जेवणाला दहा वाजतात. आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता सातला ठेवलेला असेल, तर तो साडेआठपर्यंत पुढे ढकलून घ्यावा. सोलापूरच्या घड्याळाप्रमाणे सात म्हणजे पहाटेचे साडेचार.