बारा ऑइल फिल्टर

सोमवारी आमचं मोटरसायकलींचं दुकान गिऱ्हाइकांना बंद असतं. ९ जानेवारी २०१७ च्या सोमवारी मी पार्ट्सच्या खोलीत एकटीच नव्या वर्षाची मोजदाद करत होते. बाहेर अमेरिकेतल्या आयोवाचा बर्फ. मॅनेजर कोट न काढताच आत आला आणि म्हणाला, "व्हिक्टरी बंद." मला वाटलं एखादं मॉडेल. "नाही गं, सगळंच."

व्हिक्टरी हा पोलारिस कंपनीचा मोठ्या मोटरसायकलींचा ब्रँड, १९९८ पासूनचा. गाड्या आमच्याच राज्यात, स्पिरिट लेकला जुळायच्या. १८ वर्षांनी कंपनीने हिशेब केला आणि आवरतं घेतलं. सुटे भाग १० वर्षं पुरवू, असा शब्दही त्याच निवेदनात होता. तो मी दोनदा वाचला. पार्ट्सच्या काउंटरवर बसणाऱ्याला बाकीचं वाचून काय करायचंय?

मंगळवारी दार उघडायच्या आधीच पिकअप उभे होते. जानेवारीत इथे मोटरसायकल गॅरेजात झाकलेली असते, त्यामुळे आलेल्यांत एकही जण तिच्यावर बसून आला नव्हता. जॅकेटं मात्र सगळ्यांच्या अंगावर व्हिक्टरीचीच. एकाने दोन महिन्यांपूर्वी नवीकोरी व्हिक्टरी ऑक्टेन घेतली होती. तो काउंटरवर किल्ली ठेवून विचारत होता, "आता हिची किंमत काय?" मी काय सांगणार? सेल्समनने जवळ येऊन पोलारिसच्याच 'इंडियन' या दुसऱ्या मोटरसायकल ब्रँडचं नाव काढलं मात्र, माणूस तडकलाच. त्याचंही खरं होतं. २०११ साली पोलारिसने इंडियन विकत घेतली आणि आता पोटच्या पोराला घराबाहेर काढून दत्तकाच्या हाती किल्ल्या दिल्या होत्या.

पण गंमत अशी की शिव्या देऊन झाल्या की प्रत्येक जण एकच वस्तू मागायचा: ऑइल फिल्टर. चार द्या, सहा द्या. अकरा वाजेपर्यंत माझा अर्धा कप्पा रिकामा. मला हसावं की रडावं कळेना, कारण तोच फिल्टर पोलारिसच्या शेतावरच्या चारचाकी गाड्यांनाही बसतो. त्या गाड्या कुठे बंद पडत होत्या!

दुपारी जेवणाच्या सुट्टीत राहवेना म्हणून सांगलीला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेबारा. बाबा जागेच होते. त्यांचं गॅरेज येझदीवर उभं राहिलेलं. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या पत्र्याच्या शेडसमोर अशीच गर्दी झाली होती. त्या गाडीला किक आणि गिअर एकाच दांडीवर. ती दांडी हातात धरून एक मास्तर नुसते उभे होते, हे मला अजून आठवतं.

"काय मागताहेत?" बाबांनी विचारलं.

"फिल्टर."

"खुळे आहेत. पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट कोण ना कोण बनवतंच. पुण्याला नाना पेठेत गेलं की आजही काहीतरी हाती लागतं. कंपनीची टाकी मात्र मिळत नाही. चेपली की गेली. त्यांना सांग, पत्रा सांभाळा."

इथे पत्रा कमी, प्लास्टिक जास्त. व्हिजन नावाच्या व्हिक्टरीच्या लांबच्या प्रवासाच्या मोठ्या गाडीला तर नखशिखांत प्लास्टिकचं अंग आहे. गाडी उभी असताना नुसती आडवी झाली तर आतले आधार तिला सावरून धरायचे, पण धडक बसली की कडा फुटायच्या. दुपारनंतर मी जमेल त्याला सांगत सुटले: फिल्टर राहू द्या, तुमच्या रंगाचे साइड कव्हर आणि हेडलाइटचं वरचं आवरण मागवून ठेवा. दोघांनी ऐकलं. बाकीच्यांना वाटलं, पोरगी महागाचा माल गळ्यात मारतेय.

संध्याकाळी एक म्हातारा आला. १७३१ सीसीची व्हिक्टरी क्रॉस कंट्री, वर्षातून एकदाच तेल बदलणारा. त्याला बारा फिल्टर हवे होते. माझ्याकडे व्हिक्टरीचे सातच उरलेले. मी उठून चारचाकीच्या कप्प्यातून पाच आणले, दोन्ही शेजारी ठेवले, रबरी रिंग, आटे, सगळं दाखवलं. त्याने चष्मा वर करून नीट बघितलं आणि मान हलवली. पटलं होतं.

मग पाच बाजूला सारून म्हणाला, "सातच दे. खोक्यांसकट."