सर्व्हर अपडेट झाला, लायब्ररी जुनीच राहिली

सप्टेंबर 2023. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा हंगाम भरात होता. तिथल्या एका व्यापाऱ्याचं ॲप आम्ही नाशिकहून सांभाळतो. शेतकरी क्रेटचे फोटो चढवतात आणि सर्व्हर त्यांच्या लहान प्रती बनवतो. त्याच सुमारास लिबवेबपी या लायब्ररीतली, म्हणजे वेबपी प्रकारची चित्रं उघडण्यासाठी अनेक प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडमधली, सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली. त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-2023-4863. मुद्दाम घडवलेलं एखादं चित्र नुसतं उघडलं, तरी मेमरीत हद्दीबाहेर लिहिलं जाण्याचा धोका. तिचा गैरवापर सुरू असल्याचं गूगलने स्वतःच सांगितलं होतं.

आमच्या सर्व्हरवर डेबियन ही लिनक्स सिस्टिम आहे. तिचं दुरुस्त पॅकेज आलं, मी ॲप्टने, म्हणजे तिच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने, अपग्रेड केलं. एकेकाळी काम इथे संपायचं. लायब्ररीची मशीनवर एकच प्रत. ती बदलून सर्व्हिस रिस्टार्ट केली, की तिच्यावर चालणारं सगळं सुधारलं.

तरी खात्री करावी म्हणून मी चालू प्रोसेसची मॅप्स फाइल उघडली; प्रोसेसने मेमरीत कुठल्या फाइली घेतल्यात, ते तिच्यात दिसतं. लिबवेबपीचा पाथ सिस्टिमच्या लिब फोल्डरमधला नव्हताच. ती बसली होती डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे ॲप आपल्या सगळ्या सामानासह ज्या वेगळ्या कप्प्यात चालतं तिथे, पायथनच्या साइट-पॅकेजेसखाली, ‘पिलो.लिब्ज’ नावाच्या फोल्डरात, नावाला हॅशचं, म्हणजे अक्षर-अंकांचं, शेपूट लावून. पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या पिपने पिलो ही चित्रं हाताळणारी लायब्ररी आणली, तेव्हाच ती स्वतःची लिबवेबपी सोबत घेऊन आली होती.

“मॅडम, अपग्रेड तर झालं ना?” आमच्या डेव्हलपरने विचारलं.

“ॲप्टचं झालं. पिपचा माल ॲप्टच्या दप्तरी नसतो.”

“पण आपण फक्त जेपीजी घेतो.”

“आपण फाइलचं नाव बघतो. चित्र कुठल्या प्रकारचं, ते पिलो फाइल आतून बघून ठरवते.”

तो गप्प झाला आणि लगेच कामाला लागला. 15 सप्टेंबरला आलेल्या पिलो 10.0.1 मध्ये लिबवेबपी 1.3.2 होती. आवृत्ती वाढवली, बेस इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावर उभा राहतो तो तयार साचा, ताजी ओढून कंटेनर पुन्हा बांधला, मॅप्स परत तपासली. ऑफिसातल्या इलेक्ट्रॉनवर बनलेल्या चॅट ॲपांचंही तेच: प्रत्येकाच्या पोटात वेगळं क्रोमियम ब्राउझर, म्हणून प्रत्येकाचं अपडेट वेगळं.

डेव्हलपरांना मी दोष देत नाही. डेबियनच्या स्टेबल, म्हणजे स्थिर, रिलीजमधल्या पॅकेजांच्या आवृत्त्या पुढच्या रिलीजपर्यंत जवळपास गोठलेल्या असतात; नवं फीचर हवं असेल तर दोन वर्षं कोण थांबणार? डेबियन 12 तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप चालवू गेलं की सरळ नकार देतं आणि वेगळं एन्व्हायर्नमेंट करायला सांगतं. ही हद्द मला पटते. पण हद्दीच्या अलीकडे डेबियनचे मेंटेनर जे करत आले, म्हणजे सुरक्षेच्या सूचना वाचणं, जुन्या आवृत्तीत दुरुस्ती बसवणं, ते पलीकडे कुणी करायचं? आमच्याकडे ते कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

आता कोडमध्ये एक ओळ बदललेली नसली, तरी दर सोमवारी इमेज नव्याने बांधतो. बांधताना आतल्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी निघते, आणि ती वाचायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी असते. नव्या कोटेशनमध्ये या कामाचे पैसे मी देखभालीत वेगळे लिहिते. काही ग्राहक त्या ओळीवर घासाघीस करतात. ती ओळ मी काढत नाही.