अजून परत आले नाहीये

परवा दुपारी भाची सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन वाचत बसली होती. तीन हाका मारल्या. तिसरीला मान वर न करताच म्हणाली, "थांब ना मामा, अजून परत आले नाहीये."

पुस्तक दुसऱ्या जगात जाणाऱ्या मुलांचं होतं. मग थांबलो.

या गोष्टींतलं मला कायम आवडत आलंय ते दार. बोलणारे प्राणी, लढाया, सगळं ठीक. (भविष्यवाणीत आधीच नेमून ठेवलेला पोरगा आला की मात्र मी पुस्तक मिटतो. बाकीच्यांनी मग काय करायचं?) दार हवं, आणि तेही घरातलं, रोजच्या वापरातलं. लुईस कॅरलच्या गोष्टीतली ॲलिस 1871 साली आरशातून गेली. खुर्चीवर चढलं की आरशातली सगळी खोली तिला दिसायची, फक्त शेकोटीमागचा भाग सोडून. जीव अडकला होता तो नेमका तिथे.

माझंही तेच. कपाटाच्या दाराला उंच आरसा होता. त्यात खोलीचं दार अर्धवट दिसायचं आणि त्यापलीकडच्या पॅसेजची बोटभर फट. तिथे काय आहे ते बघायला मी गाल काचेला चिकटवून डोळा तिरका करायचो. काच गार. श्वासाचं धुकं धरायचं, पुसलं की बोटांचे फराटे उठायचे, आणि जितकं जवळ जावं तितका माझाच कान मधे यायचा. एकदा त्या फटीतून कुणीतरी सर्रकन गेलं. शप्पथ. वळून पाहिलं तर पॅसेज रिकामा.

पुढे कधीतरी वाचलं की ह्यू एव्हरेट नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 1957 मध्ये दुसऱ्या जगांचं हे चक्क गंभीरपणे मांडलंय. क्वांटमच्या, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींच्या पातळीवर जितक्या शक्यता, त्या सगळ्याच घडतात, आपापल्या फांदीवर. मी हरखलो. चार ओळी पुढे गेलो तर, फाटे फुटून लांब गेले की या फांदीवरून त्या फांदीवर जाण्याची सोय नाही. जगं हवी तितकी, दार एकही नाही! काय उपयोग?

आणि सी. एस. लुईसच्या गोष्टीत नार्निया नावाच्या जादूच्या देशात जाणारी ती चार भावंडं. 1950 सालच्या पुस्तकात ती कपाटातून जातात, तिकडे राजेराण्या होतात, वर्षानुवर्षं राज्य करून मोठी होतात. परत येतात तर इथे तोच दिवस, तीच घटका. लहानपणी मला या युक्तीचं कोण कौतुक होतं. कुणी ओरडायला नको! आता वाटतं, त्या रात्री झोपली कशी असतील? इतकी वर्षं राज्य केलेल्या बाईने पुन्हा लहान मुलीच्या अंगात शिरायचं, कुणीतरी झोप म्हटलं की झोपायचं. लेखक मंडळी जाण्यावर पानंच्या पानं लिहितात आणि परतीचं दोन पानांत उरकतात.

साडेसहाला भाचीने पुस्तक मिटलं. मांडीवर तसंच ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसली. खोलीत अंधारायला लागलं होतं. मी दिवा लावायला उठलो, बटणापर्यंत गेलो, आणि तसाच परत येऊन बसलो.