ड्रॉइंगचे सर आणि काळी ट्यूब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि डोळ्यासमोर एकच माणूस आला, आपले ड्रॉइंगचे सर. बाकीच्या सर-बाईंनी रागावू नये.

वर्षाच्या पहिल्याच तासाला सर सगळ्यांच्या रंगपेटीतली काळी ट्यूब काढून घेऊन कपाटात टाकायचे, आठवतंय ना? नवीकोरी पेटी आणि त्यातली एक ट्यूब गुल, पोरं जाम वैतागायची. एकदा आमच्यातल्या एकाने विचारलंच, सर, मग लिंबाची सावली कशी रंगवायची? सरांनी त्यालाच पुढे बोलावलं, पिवळ्यात थोडासा काळा कालवायला लावला, तर पिवळा चक्क शेवाळी झाला! मग दुसऱ्या पिवळ्यात किंचित जांभळा घालायला सांगितलं. हे दोघं रंगचक्रात समोरासमोर बसतात, म्हणजे विरोधी रंग, त्यामुळे पिवळ्याचा भडकपणा उतरला, रंग तपकिरीकडे गेला पण हिरवा काही झाला नाही. लाल-हिरवा, निळा-नारिंगी या जोड्याही तशाच. शेजारी ठेवल्या तर एकमेकांना उठाव देतात, मिसळल्या तर एकमेकांना मारतात.

लाल आणि निळा मिळून जांभळा हे तर सगळेच शिकवतात हो, पण शेंदरी लाल घेतला तर तो मळकट का होतो हे आम्हाला सातवीत माहीत होतं. शेंदरीत पिवळ्याची झाक असते, आणि पिवळा म्हणजे जांभळ्याचा विरोधी. क्रिमसन, म्हणजे निळ्याची झाक असलेला गडद लाल, घ्या, मग बघा.

आज माझा पॅकेजिंग डिझाइनचा स्टुडिओ आहे, दोन अवॉर्ड्सही मिळालीत (सांगायला हरकत नाही). गंमत म्हणजे छपाईत सायन (हिरवट निळा), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा या तिन्ही शाया एकावर एक चढवल्या तरी काळा तपकिरीच दिसतो, म्हणून चौथी शाई काळीच लागते. हे सरांना सांगायचं राहून गेलं, त्यांनी नक्की वाद घातला असता.

मध्ये शाळेत आलो होतो तर ड्रॉइंग रूमच्या जागी कॉम्प्युटर लॅब. लॅब हवीच, पण स्क्रीनवर लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा होतो, तेच रंग कागदावर मिसळले तर चिखल, हे पोरांना हात बरबटल्याशिवाय कसं कळणार? हेडसरांना म्हटलंय, आठवड्याला एक तास द्या, रंग-कागद माझ्याकडून. अजून उत्तर आलेलं नाही.