आतून झिजलेला टायर

पंक्चर काढायला चाक खोललं तेव्हा कळलं. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड ठणठणीत, आतली मात्र तुळतुळीत. एका जागी तर तार डोकावत होती. गाडी उभी असताना हे दिसतच नाही. उजव्याची आतली कड थोडी उतरलेली, मागचे दोन्ही ठीक.

मला वाटलं, हवेचा घोळ असेल. पंक्चरवाले काका म्हणाले, "हवा कमी असती तर दोन्ही कडा गेल्या असत्या, जास्त असती तर मधला पट्टा. एकच कड गेलीय म्हणजे चाक वाकडं चालतंय." त्यांनी मला टायरवरून तळहात आडवा फिरवायला लावला. एका बाजूनं जाताना काही नाही, उलट येताना करवतीसारखं बोचलं. चाकांची तोंडं पुढून बाहेर फाकली, की ती फिरता फिरता रस्त्यावर घासत जातात. यालाच टो आउट म्हणतात.

पण अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवून घेणं, तर चारच महिन्यांपूर्वी केली होती! कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात होता, सगळे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर. पुन्हा करून घेतली. पुन्हा हिरवे. "टायर बदला, साहेब," एवढाच सल्ला मिळाला.

कऱ्हाडचे आमचे जुने मेकॅनिक मात्र टायरकडे फारसं बघायलाच तयार नव्हते. गाडी लिफ्टवर घेतली, चाक आडवं धरून हलवलं, मग वरखाली धरून हलवलं. घट्ट. मग विचारलं, "ब्रेक मारल्यावर आवाज येतो का?"

मी नाही म्हणालो. मागून बाबा म्हणाले, "येतो की. कट् करून. मी दिवाळीपासून सांगतोय."

सांगत होते हे खरं. मी काच खाली करून एकदा ऐकल्यासारखं केलं होतं.

चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा म्हणजे लोअर आर्म, आणि त्याच्या सांध्यातलं रबर म्हणजे बुश. मेकॅनिकनं त्या आर्मच्या मागच्या बुशपाशी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून रेटली. रबर उभं फाटलेलं, आर्म चांगलाच सरकला. उभ्या गाडीत तो जागेवर बसतो म्हणून मशीनला सगळं बरोबर दिसतं. ब्रेक मारला की चाक मागं ढकललं जातं आणि तोंड बाहेर जातं. आम्ही दर पंधरा दिवसांनी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणारे, म्हणजे तासभर ब्रेकवरच. डावीकडच्या खड्ड्यांचा मारही त्याच चाकाला.

उजव्या बुशलाही चिरा होत्या, म्हणून दोन्ही आर्म बदलले, मग पुढचे दोन टायर आणि शेवटी अलाइनमेंट. आधी टायर घातले असते तर तेही तसेच गेले असते.

परतताना पहिल्याच गतिरोधकावर मी मुद्दाम जरा जोरात ब्रेक मारला आणि आरशात बघितलं. बाबा कान टवकारून बसले होते.

"आता एसीचा येतोय," ते म्हणाले.