पत्रिकेचं वजन

मागच्या आठवड्यात घरी आलेली एक लग्नपत्रिका मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ६४० ग्रॅम. त्यात कागद फार तर शंभरेक ग्रॅम. बाकी काजू, बदाम, मनुका आणि अंगठ्याएवढी एक पितळी समई. झाकणात लोहचुंबक, त्यामुळे पेटी मिटताना महागड्या गाडीच्या दारासारखा 'टप्' आवाज येतो. घेऊन आलेलं जोडपं आमच्या बेळगावातल्याच हिंदवाडीचं. गाडी आमच्या गल्लीत शिरेना म्हणून ती कोपऱ्यावर लावून दोघं पेट्यांची पिशवी सांभाळत चालत आली आणि चहा नको म्हणून पाच मिनिटांत गेली. अजून साठ घरं करायची होती बिचाऱ्यांना.

आईनं रिवाजाप्रमाणे पत्रिका देवापुढं ठेवायला नेली. देव्हाऱ्यात मावेना. आडवी करून बघितली, उभी करून बघितली, शेवटी खाली पाटावर ठेवली. "देवापेक्षा पत्रिका मोठी झाली की," एवढंच म्हणाली. काजू दोन दिवसांत संपले आणि तिनं पेटी मागून घेतली. "मी ठेवतो ही, सेफ्टीपिना घालायला." (आमच्याकडं बायका 'मी ठेवतो, मी जातो' असंच म्हणतात. पुण्याचे पाहुणे अजून हसतात.)

तिच्या ट्रंकेत तिच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका आहे. एकदा दुमडलेला गुलाबी कागद, चार कोपऱ्यांना हळदीची बोटं, वर कुलस्वामिनी प्रसन्न. खाली 'आपले नम्र' म्हणून तेवीस नावं. मी मोजली आहेत. त्यात चुलते, मावसे, आजोळचे, गल्लीतले पंच आणि एक 'मित्रमंडळ'. एका आत्याच्या यजमानांचं नाव राहून गेलं होतं, ते शाईनं हातानं लिहिलंय, प्रत्येक पत्रिकेवर. न लिहून सांगतो कुणाला, ते लग्नालाच आले नसते.

पेटीतल्या पत्रिकेवर नावं चार. नवरा, नवरी आणि दोघांचे आईवडील, तेही 'मिसेस अँड मिस्टर' मध्ये उरकलेले. वर दोघांची आद्याक्षरं एकमेकांत गुंतवून सोनेरी केलेली, एखाद्या कंपनीच्या शिक्क्यासारखी. सगळं इंग्रजीत. आता बेळगावात भाषा ही काय साधी गोष्ट आहे? १९५६ सालापासून इथं पाटी कुठल्या भाषेत यावरून मोर्चे निघाले, दगड पडले, तुरुंगवास झाले. २००४ पासून सीमेचा खटला सुप्रीम कोर्टात आहे. गल्लीतल्या माणसाची पत्रिका आजही मराठीत असते, आणि सोयरे गोकाक-बैलहोंगलकडचे असतील तर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, दोन्हींकडचा मान राखून. हिंदवाडी-टिळकवाडीच्या बऱ्याच बंगल्यांत मात्र हा वाद कधीच मिटलाय. पेटीला सीमाप्रश्न नाही.

माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांच्या मालकाची गोष्ट आमच्या घरात शंभरदा झालीय. वर्षानुवर्षं तीच दोन धोतरं, पायात शिवून घेतलेली कोल्हापुरी, मुलीच्या लग्नाची पत्रिका साध्या पिवळ्या कार्डावर, आणि जेवायला मात्र सगळं गाव. 'पैसा कसा जिरवावा ते त्यांच्याकडून शिकावं,' असं वडील म्हणायचे. लहानपणी मला ते पटायचं. नंतर कळलं की त्याच वखारीत बायका दिवसभर तंबाखू चाळायच्या आणि संध्याकाळी खोकत घरी जायच्या. १९८१ साली तंबाखूला भाव मागायला शेतकरी शरद जोशींबरोबर पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हाही मालकांच्या अंगावर तेच धोतर होतं. साधेपणाही परवडावा लागतो. ज्याच्या वखारी सगळ्या गावाला दिसतात त्यानं पत्रिकेवर सोनं कशाला चढवायचं?

नव्या पैशाची अडचण हीच, की तो दिसत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्याचं एक वेळ ठीक, भट्टी तरी दाखवता येते. पण गावाबाहेरच्या ज्या शेतात बासमतीचा वास यायचा तिथं प्लॉट पडले आणि पैसे थेट बँकेत गेले, त्यानं ते कुणाला आणि कसे दाखवायचे? मग घराला रोमन खांब येतात, लग्नात पाण्याच्या बाटलीवर नवरानवरीचा फोटो येतो, आणि आमच्या काट्यावर ६४० ग्रॅम.

हे सगळं मी खुशाल लिहितोय, कारण परवापर्यंत मी प्रेक्षकात होतो. आता मुलीचं ठरलंय.

प्रेसवाला जुन्या ओळखीचा. त्यानं टेबलावर नमुन्यांच्या तीन चळती मांडल्या. पहिलीतली पत्रिका चौदा रुपयांची, दुसरीतली साठ. तिसऱ्या चळतीतल्या पेट्या होत्या, २८० ची एक, काजू वेगळे. मी पहिल्या चळतीकडं हात नेला. त्यानं काही न बोलता एक पेटी उघडून मिटली. टप्.

"पन्नास पेट्या घ्या, बाकी चारशे साध्या," तो म्हणाला. "सगळे तसंच करतात. किलबिल घालू काय, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'?"

"पेटीवर घालतात?"

"छे! पेटीवर कोण घालतंय? साध्यावर."

म्हणजे किलबिलीलाही जात असते. पन्नास पेट्या सांगून आलो.

रात्री बायको आणि मी यादी घेऊन बसलो. पेटीवाल्यांच्या नावापुढं लाल टिकली. डॉक्टरांपुढं टिकली. तिच्या बँकेच्या मॅनेजरपुढं टिकली. मुलीच्या सासरकडचे दहा, त्यांना तर हव्यातच. जिथं जुजबी ओळख आहे तिथं पेटी जाऊ लागली आणि ज्यांच्या ताटात मी वाढलो त्यांना चौदा रुपयेवाली. हे लक्षात आलं तेव्हा सेहेचाळीस टिकल्या झाल्या होत्या. ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

आई पलीकडं पेटी उघडून बसली होती. तिनं सेफ्टीपिना एका बाजूला केल्या, बटणं दुसऱ्या.

"येळ्ळूरच्या सदाला कुठली रे?" तिनं विचारलं.

सदा माझा चुलतभाऊ. वडील गेले तेव्हा रात्री अकराला सायकलवरून आला होता. यादीत त्याचं नाव होतं, एकशे बाराव्या नंबरवर. मी लाल पेनाचं टोपण शोधू लागलो.