पिवळा पडलेला पांढरा

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत वेष्टनांच्या छपाईपूर्व कामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मसाल्याच्या एका जुन्या कारखान्याचे मालक गोडा मसाल्याचे जपून ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके घेऊन आले आणि नव्या पाऊचवर हुबेहूब तेच रूप हवे, म्हणाले.

खोक्यावरच्या बाईच्या साडीचा लाल रंग रेषेबाहेर सरकलेला होता. पाऊच ज्या ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात, तीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिलिंडर कोरावा लागतो आणि यंत्र नीट लावले असेल तर रंग जागच्या जागी बसतात. म्हणून तो सरकलेला लाल मला आर्टवर्कमध्येच मुद्दाम बसवावा लागला. गुणवत्ता तपासणाऱ्यांनी प्रूफ नापास केले, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे ते योग्यच होते. खंत वाटते ती आमच्या तरुण डिझायनरांची. जुनेपणा म्हणजे तपकिरी छटा आणि जळक्या कडा, ही त्यांची समजूत परदेशी तयार नमुन्यांवरून झालेली आहे. आपल्या वाण्याच्या फळीवर तसे कधीच काही नव्हते.

खरा पेच पांढऱ्या रंगाचा होता. खोके नवे असताना पांढरेच होते, पुढे पुठ्ठा पिवळा पडला. पाऊचच्या पारदर्शक फिल्मवर उलट बाजूने छापताना पांढरा थर शेवटी येतो. त्यात पिवळा मिसळायचा की नाही, हे ठरवण्यासाठी आम्ही दोन्ही नमुने छापले, एकाच पोत्यातला मसाला भरला आणि नौपाड्यातल्या एका किराणा दुकानात ते गिऱ्हाइकांपुढे ठेवले. बहुतेकींनी पिवळसर पाऊच उचलले. एक आजी दोन्ही हुंगून म्हणाल्या, "हाच बघ, बाळा. आमच्या सासूबाई हाच आणायच्या. त्या दुसऱ्याला वासच नाही." पिवळे पडलेले खोके त्यांच्या सासूबाईंनी कधीही विकत घेतले नसणार.

२००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकानाने संत्र्यात खोचलेल्या नळीचे चित्र काढून टाकले, तेव्हा आतला रस तोच असूनही खप सुमारे २० टक्क्यांनी घसरला आणि कंपनीने जुने वेष्टन परत आणले. वारंवार पाहिलेली गोष्ट माणसाला आवडू लागते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६८ मध्ये मांडले होते. पण ते खोके कधीच न पाहिलेल्या एका महाविद्यालयीन मुलीनेही पिवळसर पाऊचच निवडले आणि "हा घरचा वाटतो" असे कारण दिले. त्याचा उलगडा मला यातून होत नाही.

मालकांना दर्शनी भागावर 'तीच अस्सल चव' हे शब्द हवे होते. नागकेशर महागल्यापासून त्याचे प्रमाण कमी केले आहे, हे त्यांनीच मला सांगितले होते. खाद्यपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांत 'अस्सल', 'पारंपरिक' अशा अर्थाच्या शब्दांच्या वापराला अटी आहेत, त्या दाखवल्यावर त्यांनी ती ओळ काढायला संमती दिली. तरीही मला स्वस्थता नाही, कारण आजींना ती चव ओळीने नव्हे, रंगाने पटवली होती, आणि तो रंग मी मिसळला होता.

म्हणून मी त्यांना नागकेशर पूर्वीच्या मापावर नेण्याची विनंती केली आहे. किलोमागे किती खर्च वाढेल, याचा हिशेब ते काढत आहेत. तोपर्यंत सिलिंडर कोरायला दिलेले नाहीत.